हॉटेलांचा महिनेवार हिशेब आणि भाजीपाल्याची लागवड

पवना नदीच्या काठची काळेवाडी आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. जेथे पूर्वी शेते होती तेथे आता इमारती उभ्या आहेत. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका आली, आणि पुढे कारखानदारी नाशिक रस्त्याने सरकत चाकणपर्यंत पोहोचली. २००९ साली चाकण येथे फोक्सवॅगन कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. कारखान्यांमागोमाग अभियंते, तपासनीस, व्यापारी व पाहुणे यांची ये-जा वाढली आणि त्यांच्या निवासासाठी पिंपरी, चिंचवड, वाकड, हिंजवडी व चाकण या भागांत लहानमोठी हॉटेले उभी राहिली. या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत लागणारा भाजीपाला, दूध, फळे व फुले यांचा पुरवठा करणारा शेतकरी मात्र मावळ, मुळशी, खेड व जुन्नर या तालुक्यांतील आहे. काळेवाडीची शेती गेली असली, तरी तिच्या परिसरातील गिऱ्हाईक आसपासच्या तालुक्यांतील शेतीला पोसू शकते.

हॉटेल व्यवसायाची प्रगती दर महिन्याला मोजली जाते व ती वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होते. 'हॉटेलांचे उत्पन्न इतके टक्के वाढले', 'हंगाम तेजीत' अशा मथळ्यांच्या बातम्या वाचून काही उत्साही शेतकरी ब्रोकोली, रंगीत ढोबळी मिरची किंवा लेट्यूस यांची लागवड वाढवितात, आणि माल निघण्याच्या वेळी मागणी दिसत नाही म्हणून हवालदिल होतात. बातमी खोटी नसते. ती निराळ्या गोष्टीविषयी असते. हॉटेलचा मालक ज्या आकड्याकडे पाहतो तो शेतकऱ्याच्या कामाचा आकडा नव्हे, ही गोष्ट समजून घेतल्याखेरीज त्या बातमीवर लागवड करणे धोक्याचे आहे.

हॉटेल म्हणजे कोणते?

आपल्याकडे 'हॉटेल' हा शब्द मिसळ व चहा मिळणाऱ्या दुकानापासून पंचतारांकित वास्तूपर्यंत सर्वांस सरसकट लावला जातो. महिनेवार आकडेवारीत अभिप्रेत असलेले हॉटेल म्हणजे मुक्कामाच्या खोल्या भाड्याने देणारे निवासी हॉटेल होय. त्यातही ही आकडेवारी मुख्यतः मोठ्या साखळीतील व संघटित हॉटेलांची असते. एचव्हीएस अनारॉक यांच्यासारख्या सल्लागार संस्था ती एकत्र करून दरमहा प्रसिद्ध करतात. काळेवाडी फाट्यावरचे लॉज, चाकण चौकातील साधे निवासगृह किंवा नाशिक रस्त्यावरचा ढाबा यांची गणना तीत सहसा होत नाही. वस्तुतः कांदा, बटाटा, टोमॅटो व कोथिंबीर यांचे मोठे गिऱ्हाईक तेच असते. देशाचा आकडा वाचताना हे वगळलेले गिऱ्हाईक विसरून चालणार नाही.

तीन आकडे

हॉटेलचा महिन्याचा हिशेब तीन आकड्यांत सांगितला जातो. पहिला, शंभर खोल्यांपैकी किती खोल्या भरल्या त्याचे शेकडा प्रमाण. यालाच हॉटेलवाले ऑक्युपन्सी म्हणतात. दुसरा, भरलेल्या खोलीमागे मिळालेला सरासरी दैनिक दर. तिसरा, उपलब्ध असलेल्या प्रत्येक खोलीमागे पडलेले उत्पन्न. यास त्या व्यवसायात रेव्हपार असे म्हणतात. तिसऱ्या आकड्यात रिकाम्या खोल्याही हिशेबात धरलेल्या असतात. म्हणून तो पहिल्या दोहोंचा गुणाकार असतो, आणि मालकाचे लक्ष त्याच्यावर अधिक असते.

हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. चिंचवडला ६० खोल्यांचे एक हॉटेल आहे असे समजू. फेब्रुवारीचे दिवस २८; तेव्हा त्या महिन्यात विकावयास उपलब्ध असलेल्या खोल्या ६० गुणिले २८ म्हणजे १,६८०. एक खोली एक रात्र, असा हा हिशेब आहे. त्यांपैकी १,१७६ विकल्या गेल्या. म्हणजे प्रमाण शेकडा ७० झाले. सरासरी दर ५,००० रुपये असेल तर उपलब्ध खोलीमागे उत्पन्न ३,५०० रुपये पडले. आता मे महिना घ्या. दिवस ३१, उपलब्ध खोल्या १,८६०. त्यांपैकी १,११६ विकल्या, म्हणजे शेकडा ६०. गर्दी ओसरल्यामुळे दर ४,५०० रुपयांवर आणावा लागला. उपलब्ध खोलीमागे उत्पन्न २,७०० रुपये झाले.

हॉटेलमालकाच्या दृष्टीने ही घट शेकडा २३ च्या आसपास आहे. तो चिंतेत पडेल, आणि वर्तमानपत्र 'हॉटेल व्यवसायास मंदी' असे छापील. पण स्वयंपाकघराकडे पाहावे. फेब्रुवारीत १,१७६ खोल्यांत पाहुणे उतरले, मे महिन्यात १,११६ खोल्यांत. फरक अवघा ६० खोल्यांचा, म्हणजे शेकडा पाच. महिन्याला तीन दिवस अधिक असल्यामुळे प्रमाणातील घट बहुतांशी भरून निघाली. जेवणाऱ्यांची संख्या जवळपास तितकीच राहिली, आणि भाजीही जवळपास तितकीच लागली.

याचे उलटही घडते व तेच अधिक घातक असते. विकलेल्या खोल्या तेवढ्याच राहिल्या आणि दर मात्र ५,००० वरून ५,७५० झाला, तर उत्पन्न शेकडा १५ वाढते, परंतु टोमॅटो एक किलोही अधिक लागत नाही. गेल्या काही वर्षांत देशातील संघटित हॉटेलांच्या बाबतीत पुष्कळसे असेच झाले आहे. २०२३ व २०२४ या वर्षांत भरलेल्या खोल्यांचे प्रमाण शेकडा ६० च्या थोडे वर, म्हणजे महासाथीपूर्वीच्या २०१९ सालच्या पातळीच्या आसपासच होते; दर मात्र त्या वर्षापेक्षा बरेच चढलेले होते. उत्पन्नाच्या वाढीचा मोठा वाटा दरवाढीचा होता. जेवणाऱ्या माणसांची संख्या त्या मानाने वाढली नव्हती. अशा बातमीवर विसंबून कोणी ढोबळी मिरचीचे दुसरे शेडनेट उभारले असेल, तर त्याने खोलीचे भाडे पेरले असेच म्हणावे लागेल.

तेव्हा शेतकऱ्याने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने विचारावयाचा प्रश्न हा की, या महिन्यात किती माणसे जेवली? महिन्याचे दिवस, भरलेल्या खोल्या व एका खोलीत सरासरी किती माणसे उतरतात यांचा गुणाकार केला की त्याचे उत्तर अंदाजाने मिळते. कामानिमित्त येणारा पाहुणा बहुधा एकटा असतो, सहलीस येणारे कुटुंब तिघाचौघांचे असते. त्यामुळे लोणावळ्याच्या ५० भरलेल्या खोल्या चाकणच्या ५० खोल्यांपेक्षा कितीतरी अधिक भाजी खातात.

या हिशेबाबाहेर राहणारी आणखी एक बाब म्हणजे हॉटेलची सभागृहे. पाचशे पानांचे एक लग्न त्या ६० खोल्यांच्या हॉटेलातील कित्येक दिवसांच्या पाहुण्यांइतका माल एका दिवसात संपविते. पण त्यातील पाचशेच्या पाचशे माणसे रात्री घरी गेली तर भरलेल्या खोल्यांच्या प्रमाणात त्याचा मागमूसही दिसत नाही. म्हणून खोल्यांबरोबर सभागृहाची नोंदवहीही विचारावी.

देशाचा महिना आणि आपला महिना

देशाच्या आकडेवारीत वर्षाचे रूप साधारणपणे असे दिसते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत भर असतो. थंडी, लग्नसराई, परिषदा व परदेशी पाहुणे हे सर्व या काळात एकत्र येतात, आणि फेब्रुवारी हा बहुधा वर्षातील उत्तम महिन्यांपैकी एक असतो. एप्रिलपासून उतार लागतो. पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर या काळात, मागणी मंद असते, आणि दिवाळीनंतर ती पुन्हा उचल खाते.

पण मावळ तालुक्यातील शेतकऱ्याने हे रूप जसेच्या तसे धरले तर तो फसेल. लोणावळा-खंडाळ्याचा खरा हंगाम पावसाळ्याचाच असतो. धबधबे व धुके पाहण्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवार संध्याकाळपासून घाट चढू लागतात. देशाची हॉटेले ज्या महिन्यांत ओस असतात, त्याच महिन्यांत वीस-पंचवीस कोसांच्या आत एक गाव शनिवार-रविवारी ओसंडून वाहत असते. मक्याची कणसे, कांदा, बटाटा, हिरवी मिरची व कोथिंबीर यांना तेथे त्या काळात चांगले गिऱ्हाईक मिळते. पावसाळ्यात कोथिंबीर पिकविणे कठीण, हे खरे. पण तिचा भाव चढतो तो त्यामुळेच.

चाकण, चिंचवड व हिंजवडी यांचे रूप याहून निराळे आहे. तेथील पाहुणा सोमवारी येतो आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी परत जातो. आठवड्याचे मधले दिवस भरलेले आणि अखेरचे दोन दिवस रिकामे, अशी तेथील बहुतेक हॉटेलांची स्थिती असते. लोणावळ्याचे याच्या नेमके उलट. एकाच शेतकरी गटाने दोन्हीकडे पुरवठा धरला, तर आठवड्याचा माल समान वाटला जातो. सोमवार ते गुरुवार चाकण-चिंचवड, शुक्रवार-शनिवार लोणावळा. मावळातील गावांचे ठिकाण या दृष्टीने विशेष सोयीचे आहे, कारण ती दोहोंच्या मध्ये वसलेली आहेत. देशाच्या किंवा जिल्ह्याच्या महिन्याच्या सरासरीत ही दोन्ही रूपे एकमेकांत मिसळून नाहीशी होतात.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा हेही असेच एक उदाहरण आहे. नाताळ व नववर्षासाठी गोवा व लोणावळा भरून जातात. औद्योगिक पट्ट्यातील हॉटेलांत मात्र त्याच दिवसांत शुकशुकाट असतो, कारण परदेशी अभियंते मायदेशी गेलेले असतात आणि कंपन्यांच्या बैठकी जानेवारीवर ढकलल्या जातात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते मार्चपर्यंत तपासण्या, करार व वर्षअखेरीची कामे यांमुळे हा पट्टा पुन्हा गजबजतो. चाकणला माल देणाऱ्याने २० डिसेंबर ते १० जानेवारी या काळात निघणारे पीक कमी ठेवावे, हे उत्तम.

कारखान्यांतील भोजनगृहांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. ती हॉटेलांच्या आकडेवारीत येत नाहीत, परंतु त्यांची मागणी महिनोन्महिने स्थिर असते आणि त्यांना देखण्या मालापेक्षा स्वस्त, ताजा व वेळेवर मिळणारा माल हवा असतो. या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, एवढे मात्र पुरवठादाराने आधी विचारून घ्यावे. ज्या शेतकऱ्यास हॉटेलची चढउतार सोसवणार नाही, त्याच्यासाठी भोजनगृह हे अधिक भरवशाचे गिऱ्हाईक होय.

इंग्रजी महिना आणि पंचांग

हॉटेलांचा हिशेब इंग्रजी महिन्यांचा असतो, आणि आपल्या लोकांचे जेवणखाण पंचांगावर चालते. महिन्याची तुलना गेल्या वर्षाच्या त्याच महिन्याशी करण्याची त्या व्यवसायात रीत आहे. ही तुलना पुष्कळदा दिशाभूल करणारी ठरते.

दिवाळीचे पाहावे. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला, २०२४ साली १ नोव्हेंबरला व २०२५ साली २१ ऑक्टोबरला आले. दिवाळीत कारखाने काही दिवस बंद असतात आणि चाकणच्या हॉटेलांत पाहुणा नसतो. २०२५ साली ही संपूर्ण सुट्टी ऑक्टोबरमध्ये पडली. २०२४ साली ती ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरच्या आरंभी संपली. ऑक्टोबर २०२५ ची ऑक्टोबर २०२४ शी तुलना करून 'मागणी घटली' असा निष्कर्ष काढणारा केवळ सण मोजत असतो. ही दोन्ही महिन्यांची बेरीज घेऊन पाहावी, म्हणजे भ्रम दूर होतो.

लग्नसराईचेही तसेच. चातुर्मासात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. कार्तिकी एकादशीनंतर तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात. कार्तिकी एकादशी २०२३ साली २३ नोव्हेंबरला होती, २०२४ साली १२ नोव्हेंबरला. म्हणजे एका वर्षी नोव्हेंबरमध्ये लग्नाचा एकच आठवडा मिळाला, दुसऱ्या वर्षी जवळजवळ अडीच. सभागृहांना भाजी, दूध व झेंडू पुरविणाऱ्या शेतकऱ्यास या दहा-बारा दिवसांचे मोल मोठे असते.

अधिक मास आला की हे सर्व आणखी विस्कटते. २०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता, त्यामुळे निज श्रावण, गणेशोत्सव व पितृपक्ष हे सर्व पुढे सरकले. २०२६ साली १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ येतो. मे महिन्याचा उत्तरार्ध हा एरवी लग्नाच्या जेवणावळींचा ऐन काळ. अधिक मासात मुहूर्त नसल्याने त्या वर्षी सभागृहे त्या काळात मोकळी राहणार. टोमॅटो, काकडी व ढोबळी मिरची यांची जी लागवड एरवी मे अखेरच्या तोडणीसाठी केली जाते, ती अशा वर्षी एप्रिल व मेच्या पूर्वार्धात माल निघेल अशा बेताने अलीकडे ओढावी लागते. हे पंचांग उघडून कोणाही शेतकऱ्यास वर्षभर आधी कळू शकते. त्यासाठी कोणत्याही सल्लागार संस्थेची गरज नाही.

श्रावणाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या महिन्यात हॉटेलांतील मांसाहार कमी होतो व कोंबड्या-अंडी यांचे भाव मंदावतात, ही तक्रार कुक्कुटपालकांच्या परिचयाची आहे. पण तेच पाहुणे पनीर, मटार, फ्लॉवर व पालेभाज्या खातात. खोल्या थोड्या कमी भरल्या तरी भाजीची मागणी तितकी घटत नाही, कधी वाढतेही. पितृपक्षात मात्र सभागृहे बंद पडल्यासारखीच असतात. तेथे उपाय नाही.

अपवादात्मक घटना तुलना आणखी बिघडवतात. २०२३ च्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेतील पाच सामने गहुंजे येथील मैदानावर १९ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर या काळात झाले, आणि प्रत्येक सामन्याच्या आगेमागे या भागात पाहुण्यांची गर्दी झाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्धचा एकच कसोटी सामना झाला, आणि तोही तीन दिवसांत आटोपला. अशा वर्षांची तुलना करताना सामने वजा करून पाहावेत. फेब्रुवारी २०२४ चे २९ दिवस होते, हेही विसरू नये. वरील ६० खोल्यांच्या हॉटेलास त्या एका दिवसानेच ६० खोल्या अधिक विकावयास मिळाल्या.

सर्वस्व एका गिऱ्हाइकावर

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. राज्यातील निवासी हॉटेलांना ८ जुलैपासून, तीही एकतृतीयांश क्षमतेने, उघडण्याची परवानगी मिळाली. उपाहारगृहे ५ ऑक्टोबरपासून निम्म्या क्षमतेने सुरू झाली. मधले कित्येक महिने भरलेल्या खोल्यांचा आकडा शून्याच्या जवळ होता.

या काळात कांदा व बटाटा पिकविणाऱ्यांचे नुकसान झाले, पण ते कसेबसे तगले. कारण कांदा-बटाटा घरोघरी लागतो आणि चाळीत काही काळ ठेवताही येतो. ज्यांचे गिऱ्हाईक केवळ हॉटेले व समारंभ हेच होते त्यांची स्थिती फार निराळी झाली. लेट्यूस, झुकिनी, लाल-पिवळी ढोबळी मिरची या भाज्या आपल्या घरांत रोज शिजत नाहीत. मावळातील हरितगृहांत गुलाब व जरबेरा फुलतच राहिला. झाडाला टाळेबंदी कळत नाही. फुले वेळेवर न तोडल्यास झाडाची पुढील वाढ बिघडते व रोग वाढतो, म्हणून मजूर लावून ती तोडावयाची आणि खड्ड्यात टाकावयाची, असा दुहेरी खर्च शेतकऱ्यांस सोसावा लागला. हरितगृहाचे कर्ज मात्र चालूच होते.

काही गटांनी त्या वेळी टोपल्या भरून शहरातील गृहसंस्थांच्या दारात माल नेला. काळेवाडी, रहाटणी, पिंपळे सौदागर यांसारख्या दाट वस्तीच्या भागांत असे गिऱ्हाईक हजारोंनी आहे. पण तेथे मेथी, पालक, भेंडी, गवार व टोमॅटो विकला जातो, झुकिनी नव्हे. यावरून लागवडीचे प्रमाण ठरविता येते. केवळ हॉटेलांत खपणारे पीक एकूण बागायतीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावे, आणि उरलेल्या क्षेत्रात घरगुती खपाच्या भाज्या असाव्यात, ही मर्यादा लहान शेतकऱ्यास झेपणारी आहे. ज्याच्यावर हरितगृहाचे कर्ज आहे त्याने तर ती काटेकोरपणे पाळावी.

एका हॉटेलास किती माल लागतो?

याविषयी पुष्कळांची कल्पना अवास्तव असते. वरील ६० खोल्यांच्या हॉटेलात शेकडा ७० खोल्या भरल्या असता रोज ४२ खोल्यांत पन्नास-पंचावन्न माणसे असतात. असे हॉटेल रोज ५ किलो ब्रोकोली घेते असे उदारपणे धरले, तरी वीस दिवसांत १०० किलो होतात. ब्रोकोलीचे उत्पन्न एकरी सुमारे चार टन धरल्यास तेवढा माल एका गुंठ्यात निघतो. एका हॉटेलासाठी अर्धा एकर ब्रोकोली एकाच दिवशी लावणाऱ्या शेतकऱ्याकडे दोन टन माल तीन आठवड्यांत निघेल, त्यांतला शंभरएक किलो हॉटेल घेईल आणि उरलेला पिंपरीच्या किंवा मोशीच्या बाजारात मिळेल त्या भावाने घालावा लागेल.

म्हणून लागवड तुकड्यांनी करावी. गटातील प्रत्येकाने दर पंधरा दिवसांनी एक-दोन गुंठे लावावेत, म्हणजे माल सतत व थोडा थोडा निघतो. हॉटेलास तोच हवा असतो. चार-सहा हॉटेले व एखादे भोजनगृह यांची मागणी एकत्र केल्यासच गटाची वाहतूक परवडते. एकट्या शेतकऱ्याने पाच किलोसाठी टेम्पो काढणे म्हणजे भाड्यातच नफा घालविणे होय.

उलट मोजणी

ज्या आठवड्यात माल हवा, तेथून मागे मोजत लागवडीचा दिवस ठरवावा. मेथी २५ ते ३० दिवसांत, कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत तयार होते. काकडीची पहिली तोडणी पेरणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास येते. टोमॅटोस पुनर्लागणीनंतर साधारण ६५ ते ७५ दिवस व ढोबळी मिरचीस ६० ते ७० दिवस लागतात. कडक थंडीत यांत आठ-दहा दिवसांची भर पडते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ब्रोकोली हवी असेल तर तिची पुनर्लागण नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात व रोपवाटिका ऑक्टोबरच्या अखेरीस टाकावी लागते. तो काळ नेमका दिवाळीचा किंवा तिच्या आगेमागचा असतो आणि मजूर मिळत नाही. त्यामुळे रोपे दिवाळीनंतर टाकू असे म्हणून दोन आठवडे निघून जातात, आणि माल फेब्रुवारीच्या अखेरीस निघतो. वर्षातील सर्वांत चांगल्या महिन्याचा पूर्वार्ध असा हातचा जातो. ज्यांना घरी रोपे करणे शक्य नाही त्यांनी रोपवाटिकेत नोंदणी सप्टेंबरमध्येच करून ठेवावी.

गुलाबाची गोष्ट सर्वश्रुत आहे. १४ फेब्रुवारीच्या मागणीसाठी मावळातील उत्पादक डिसेंबरच्या मध्यास फांद्या वाकवितात व छाटतात, म्हणजे जानेवारीच्या अखेरपासून फुले तोडणीस येतात. परगावच्या मागणीची तारीख पाहून छाटणी ठरविण्याची ही पद्धत त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे; भाजीपाला पिकविणाऱ्याने तीच आपल्या पिकास लावावयाची आहे.

व्यवहाराच्या काही बाबी

जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्यापासून शेतकरी आपला माल हॉटेलास थेट विकू शकतो. पण हॉटेल शेतकऱ्याशी फारसे थेट बोलत नाही. खरेदी-विभागातील अधिकारी एकाच पुरवठादाराकडून चाळीस-पन्नास जिन्नस घेणे पसंत करतो, कारण त्यास एकच बिल व एकच गाडी पुरते. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने आपल्या मालासोबत बाहेरचा काही माल आणून ही अडचण दूर करावी, अथवा पुरवठादारालाच माल द्यावा. पुरवठादारास दलाल म्हणून हिणविण्यात अर्थ नाही. उधारी तोच सोसत असतो. हॉटेलांची देयके महिना-दीड महिन्यांनी मिळतात, आणि ज्या महिन्यात खोल्या कमी भरतात त्या महिन्यात ती आणखी लांबतात. दर, प्रत, परत पाठविलेल्या मालाची जबाबदारी व पैसे देण्याची मुदत कागदावर लिहून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटासाठी एक वही ठेवण्यास सांगावे. पहिल्या रकान्यात महिना व त्याचे दिवस, दुसऱ्यात त्या महिन्यातील सण व मुहूर्त, तिसऱ्यात प्रत्येक हॉटेलने व भोजनगृहाने घेतलेला माल किलोत, चौथ्यात परत आलेला माल, पाचव्यात मिळालेला भाव. खोल्यांचे प्रमाण हॉटेल सांगेल किंवा न सांगेल. किलोंची नोंद गटाच्याच हातची आहे. एका वर्षाने ती वही उपयोगी पडू लागते, आणि दोन वर्षांची नोंद झाली की देशाच्या बातमीशी ती ताडून पाहता येते. सप्टेंबरमध्ये रोपवाटिकेची नोंदणी करण्यापूर्वी गटाची बैठक घ्यावी, वही व पुढील वर्षाचे पंचांग शेजारी शेजारी ठेवावे, आणि कोणी कोणत्या आठवड्यात किती गुंठे लावावयाचे ते त्याच बैठकीत नावानिशी लिहून काढावे.